कॅमेऱ्यातली चीर आमच्या फर्नेसची नव्हती

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींची घरं जुनी आहेत. तळघरात घर गरम करणारी गॅसची फर्नेस, तिच्या डोक्यावर एसीची कॉइल, बाहेर अंगणात कंडेन्सर, आणि हिवाळा-उन्हाळा दोन्हींना मिळून एकच ब्लोअर, म्हणजे घरभर हवा ढकलणारा पंखा. अशी चांगली चालणारी यंत्रणा भंगारात काढायला लावून एका कंपनीने आम्हाला ११,८०० डॉलरची नवी विकली होती. ती बसवायच्या आत व्यवहार मोडता आला, पण सगळे पैसे काही परत आले नाहीत. ही पद्धत ठरलेली आहे, म्हणून तपशिलात लिहिते.

जानेवारीतली कडाक्याची थंडी. नवरा कामानिमित्त डॅलसला. घरात मी, धाकटी लेक आणि रत्नागिरीहून आलेले सासू-सासरे. संध्याकाळी घर गार पडायला लागलं. फर्नेस सुरू व्हायची, आत भस्सकन जाळ पेटायचा आणि काही सेकंदांत विझायचा. असं तीनदा झालं की मशीन गप्प. मामंजींची हयात एसटीच्या कार्यशाळेत गेलेली. ते खाली जाऊन बसले, काचेच्या छोट्या भोकातून बघत राहिले आणि म्हणाले, "पेटतंय व्यवस्थित, पण मशीनला ते कळत नाहीये." हे वाक्य त्या वेळी मी हसण्यावारी नेलं.

कंपनी ओळखीचीच होती, उन्हाळ्यात एसीसाठी येऊन गेलेली. तपासणीचे ८९ डॉलर. आलेला तरुण फार गोड बोलायचा, बूट काढून आत आला, सासूबाईंना नमस्कारसुद्धा केला. फर्नेसचं झाकण उघडलं, हातातल्या मीटरची नळी आत कुठेतरी घातली आणि मला आकडा दाखवला: ६४ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ६४) कार्बन मोनॉक्साइड. मग कॅमेऱ्याची वायर आत सरकवली आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात पत्र्याला लांबलचक चीर. "हीट एक्स्चेंजर, म्हणजे जाळ आणि घरातली हवा वेगळी ठेवणारा पत्रा, फुटलाय. हा विषारी वायू घरात पसरतो, त्याला वास नसतो. लहान मूल आहे, म्हातारी माणसं आहेत. मी हे चालू ठेवून जाऊच शकत नाही." त्याने गॅसची चावी बंद केली आणि लाल चिठ्ठी लटकवली.

पुढचं सगळं भराभर झालं. फर्नेस बदलायची तर एसीही जोडीनेच बदलावा लागेल, कारण तुमच्या एसीतला आर-४१०ए हा थंड करणारा गॅस आता बंद झाला. आजच्या आज सही केलीत तर परवा बसवून देतो, तोवर दोन इलेक्ट्रिक हीटर फुकट. २,५०० डॉलर आगाऊ, कार्डाने. आणि शेवटी एक कोरा कागद: "यावर तुमच्या हस्ताक्षरात लिहा की तातडीची गरज आहे आणि रद्द करण्याचा हक्क मी सोडते. फॉर्म्यालिटी आहे." मी लिहून दिलं.

रात्री नवऱ्याशी फोनवर बोलताना मामंजींनी विचारलं, "त्याने नळी नेमकी कुठे घातलीन? धुराड्यात ना?" त्यांनी समोर उभं राहून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या सहकाऱ्याने त्याचा नेहमीचा मेकॅनिक पाठवला. हा माणूस मशीन विकत नाही, फक्त दुरुस्त करतो. त्याने सगळ्यात आधी तो व्हिडिओ बघायला मागितला आणि हसलाच. व्हिडिओतला हीट एक्स्चेंजर दाबलेल्या पत्र्याचे दोन भाग शिंपल्यासारखे जोडलेला, जुन्या पद्धतीचा. आमच्या फर्नेसमध्ये वळवलेल्या स्टीलच्या नळ्या आहेत, प्रत्येक बर्नरसमोर एक. म्हणजे तो व्हिडिओ दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनचा, मोबाइलमध्ये आधीपासून साठवलेला.

आकड्याचंही तेच. जळलेला धूर ज्या वाटेने बाहेर जातो तिथे थोडाफार कार्बन मोनॉक्साइड असतोच, त्यासाठीच तर ती वाट. बघायचा तो घरात येणाऱ्या हवेत, खोलीतल्या जाळीपाशी. तिथे शून्य निघाला. शिवाय भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एकदाही वाजला नव्हता. इथल्या मानकाप्रमाणे हवेत ७० पीपीएम टिकून राहिलं तर अलार्म एक ते चार तासांत वाजायलाच हवा, १५० ला तर दहा ते पन्नास मिनिटांत. पण अलार्म वाजला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरू नका. कमी प्रमाणात तो गप्प राहतो. खरी शंका असेल तर सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडायचं आणि ९११ ला किंवा गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर फोन करायचा. आमच्याकडे त्यांची ही तपासणी फुकट असते आणि त्यांना तुम्हाला फर्नेस विकायची नसते.

मग खरा बिघाड काय होता? थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी धूर ओढणारा छोटा पंखा फिरतो. ओढ नीट आहे हे प्रेशर स्विच सांगतो. मग इग्नायटर लाल होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, जाळ पेटतो. जाळात एक धातूची काडी असते, फ्लेम सेन्सर. जाळामधून तिच्यात काही मायक्रोअँपचा अगदी क्षीण प्रवाह वाहतो आणि त्यावरून सर्किट बोर्डाला कळतं की गॅस खरोखर जळतोय. काडीवर पुटं चढली की प्रवाह पोचत नाही, बोर्ड सुरक्षेसाठी गॅस तोडतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी थांबतो. मामंजी म्हणाले होते तेच. वीज आणि गॅस बंद करून मेकॅनिकने एक स्क्रू काढला, काडी बारीक स्टील वूलने पुसली, परत बसवली. नवीन घेतली तरी दहा-वीस डॉलरची वस्तू. नंतर त्याने मला जाळ दाखवला: ब्लोअर सुरू होण्याआधी आणि नंतरही निळा, स्थिर. मोठी चीर असती तर ब्लोअरच्या हवेने जाळ बहुधा हलला असता. पण तेवढ्यावर न थांबता त्याने स्वतःचा कॅमेरा प्रत्येक नळीत घालून दाखवला, माझ्यासमोर, मशीनचा नंबर आधी चित्रात घेऊन.

झाकणाच्या आत बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो त्याचा अर्थ लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. आमचा दिवा "जाळ टिकला नाही" असंच सांगत होता. पहिल्या माणसाने झाकण उघडलं तेव्हा ते त्याच्या नाकासमोर होतं.

आर-४१०ए ची गोष्टही अर्धीच खरी. २०२५ पासून नवे घरगुती एसी त्या गॅसचे बनवण्यावर बंधन आलं, पण जुन्यांच्या दुरुस्तीला तो मिळतो. हे कळल्यावर आम्ही उन्हाळ्याचं बिल काढलं. कपॅसिटर (एसीच्या मोटरला जोर देणारा छोटा डबा) बदलण्याचे ४२० डॉलर, जो सुटा वीस-तीस डॉलरला मिळतो. वर "गॅस थोडा कमी होता, भरला". एसीच्या बंद नळ्यांतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर गळतोय, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक पक्कं करणं. जुना कपॅसिटर मागून घ्या, त्यावर छापलेला आकडा आणि मीटरचं वाचन शेजारी-शेजारी दाखवायला सांगा.

व्यवहार मोडताना तो हस्ताक्षरातला कागद आडवा आला. घरी येऊन केलेली विक्री तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येते, असा फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे. दुरुस्तीसाठी आपण बोलावलं असेल तर त्या दुरुस्तीला तो लागू नाही, पण त्यापलीकडे जे गळ्यात मारलं त्याला लागू आहे. खरोखरीच्या तातडीच्या गरजेपोटी ग्राहकाने स्वतः लिहून हक्क सोडला तर मात्र कंपनीला या नियमातून सूट मिळते, आणि कंपनीने नेमकी तीच वाट धरली. आमचं उत्तर: तातडी खरी नव्हती, ती तुमच्या माणसाने दुसऱ्या मशीनचा व्हिडिओ दाखवून आणि गॅसची चावी फिरवून तयार केली. रद्द केल्याचं पत्र मुदतीत, पोचपावतीने पाठवलं. कंपनी बधली नाही, म्हणून दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल आणि दोन्ही व्हिडिओ बँकेकडे दिले. २,५०० डॉलर कार्डावर परत आले. चिरेचा तो व्हिडिओ पहिल्या माणसाने स्वतःच मेसेज करून पाठवला होता, हे आमचं नशीब. तुमच्याकडे कोणी असं काही दाखवलं तर तिथल्या तिथे स्वतःच्या फोनवर मागून घ्या.

तपासणीचे ८९ आणि उन्हाळ्यातले पैसे गेले ते गेले. राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार केली आहे, तिचा निकाल अजून नाही. कंपनीने पाठवलेल्या उत्तरात फर्नेसबद्दल एक शब्द नाही. फक्त ते दोन इलेक्ट्रिक हीटर परत करा, असं लिहिलंय.