ईव्ह ऑनलाइन : कोणत्या खेळाडूसाठी?

आइसलँडच्या सीसीपी या कंपनीने २००३ मध्ये आणलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातील खाणकाम, व्यापार आणि युद्धाचा गेम आजही चालू आहे. त्याचे परीक्षण ग्राफिक्सवरून करण्यापेक्षा तो कोणत्या स्वभावाच्या खेळाडूला काय देतो, यावरून करणे अधिक योग्य ठरेल. बहुखेळाडू गेमच्या आद्य निर्मात्यांपैकी एक असलेल्या रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये असे चार स्वभाव सांगितले होते: काही तरी मिळवू पाहणारे, शोध घेणारे, माणसे जोडणारे आणि इतरांवर कुरघोडी करण्यात रमणारे. ईव्हमध्ये हे चौघे एकमेकांच्या जिवावर जगतात.

याचे कारण असे, की येथे नष्ट झालेले जहाज परत मिळत नाही. बहुतेक जहाजे खेळाडूंनीच खणलेल्या खनिजांपासून खेळाडूंनीच बांधलेली असल्यामुळे, हल्लेखोराने एक जहाज उडवले की जिता या गेममधील मोठ्या व्यापारी केंद्राच्या बाजारात दुसऱ्या कोणाचा तरी माल खपतो. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या सूर्यमालेत झालेल्या लढाईत साडेसात हजारांहून अधिक खेळाडू उतरले आणि टायटन या गेममधील सर्वांत मोठ्या प्रकारची ७५ जहाजे नष्ट झाली. अशी जहाजे उभी करणे एकट्यादुकट्याचे काम नसते, त्यामागे अख्ख्या संघटनेची मेहनत असते. सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या भागातही पोलीस हल्लेखोराला शिक्षा तेवढी करतात, तुम्हाला वाचवण्याची हमी देत नाहीत. ज्यांना हे अन्यायकारक वाटेल, त्यांनी या गेमच्या वाटेला जाऊ नये.

शोधकांसाठी २००९ मध्ये आलेल्या कृमिविवरांपलीकडच्या (वर्महोल, म्हणजे अवकाशातील दूरची ठिकाणे जोडणारे बोगदे) सूर्यमाला हा सर्वांत समृद्ध भाग आहे. तेथे आसपास कोण आहे याची यादी आपोआप दिसत नाही, आणि तीच त्या प्रवासातली खरी रंगत आहे.

मिळवू पाहणाऱ्यांच्या बाबतीत मात्र रचना फसली आहे. खेळाडूच्या पात्राची कौशल्ये घड्याळाच्या वेळेने, संगणक बंद असतानाही वाढतात, म्हणजे कष्टाळू आणि आळशी दोघेही जवळपास सारखेच पुढे सरकतात. त्यात २०१६ पासून इतरांनी साठवलेले कौशल्यगुण विकत घेण्याची सोय झाल्यामुळे पैशाने वाट जवळ करता येते. गुंफलेली कथा अनुभवू इच्छिणाऱ्यांनाही येथे फारसे काही गवसणार नाही.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक बाब अशी, की सर्व्हर रोज दुपारी साडेचारला थोड्या वेळासाठी बंद होतो आणि युरोपातील संध्याकाळच्या लढाया आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास रंगतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मर्यादित कौशल्यांचे मोफत खाते उघडावे, आणि ईव्ह युनिव्हर्सिटीसारख्या, नवख्यांना शिकवणाऱ्या खेळाडूंच्या संघटनेत आपल्या वेळेला जागे असणारे सोबती मिळतात का, हे आधी पाहावे. एकट्याने खेळल्यास पहिल्या काही आठवड्यांतच कंटाळा येण्याची शक्यता मोठी आहे.