सेकंडहँड कॅमरी हायब्रिड नागपूरच्या उन्हात किती भरवशाची?

गाडी 2015 ची टोयोटा कॅमरी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल एंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, एमएच 31 पासिंग. माझ्याकडे आली तेव्हा ऐंशी हजाराच्या आसपास फिरलेली होती, 11 लाखाच्या आत सौदा झाला आणि आता ती रोज मनीष नगर ते बुटीबोरी करून राहिली, मधूनमधून समृद्धीवरही जाते. ओळखीतले सगळे एकच विचारून राहिले की भाऊ एवढ्या पैशात मर्सिडीज येत होती, ही काऊन घेतली? उत्तर लांब आहे, म्हणून लिहूनच टाकतो.

जुनी लक्झरी सेडान पाहताना लोक लोगो पाहतात आणि मीटर पाहतात, संपलं. पण मला इतकं पाहून झाल्यावर जे समजलं ते असं की या गाड्यांचं एंजिन सहसा मरत नाही, मरतं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं. रबर, सेन्सर, कूलिंगचे प्लास्टिकचे पाइप, गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक्स, एअर सस्पेन्शनचे फुगे. आणि 60 लाखाची गाडी 12 लाखाला मिळाली म्हणून तिचे पार्ट 12 लाखाच्या गाडीचे होत नाहीत, ते 60 लाखाच्याच भावाने येतात, हे सौदा करताना कोणी बोलत नाही. मर्सिडीज एस क्लासचं एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे, घ्या, गाडी पाच हजार किलोमीटर चाललेली असो का पन्नास, रबर वयाने आणि उन्हाने तडकतंच. बीएमडब्ल्यूच्या एन47 नावाच्या डिझेल एंजिनमध्ये टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे, म्हणजे चेनचा आवाज सुरू झाला की नुसतं बोनेट उघडून काम होत नाही, एंजिन नाहीतर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. 2009 ते 2011 च्या सुमाराच्या मर्सिडीजच्या डिझेल ई क्लासमध्ये पिएझो इंजेक्टरचा, म्हणजे एंजिनात डिझेल फवारणाऱ्या पार्टचा, लोचा जगभर गाजला होता. या गाड्या वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही बरं का, चालवायला तर कॅमरीपेक्षा लय भारी आहेत, फक्त कुठली कमजोरी कुठल्या वर्षाच्या मॉडेलमध्ये आहे ते माहीत करूनच हात घालायचा.

स्कोडा सुपर्बवर माझा जीव होता हे कबूल. मागे जागा काय, क्वालिटी काय. पण 1.8 पेट्रोल ऑटोमॅटिकला 7 स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे, आणि त्याच घराण्यातल्या डीएसजीसाठी 2013 मध्ये फोक्सवॅगनने जगभरातून 16 लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण काय तर गरम आणि दमट हवामानात आतल्या सिंथेटिक ऑइलमुळे इलेक्ट्रिकल बिघाड होऊन गाडीची पॉवरच जाऊ शकत होती, म्हणून ऑइल बदलून मिनरल टाकलं. आता मे महिन्यात 45 डिग्रीत वर्धा रोडच्या सिग्नलवर गाडी इंचइंच सरकवणाऱ्या माणसाने हे वाचून काय करायचं? मी तिथेच सुपर्ब पेट्रोलचा विचार सोडला. डिझेलवालीला 6 स्पीड वेट क्लच, म्हणजे तेलात बुडालेला क्लच, आहे, ती त्यातल्या त्यात बरी, पण मनासारखी सापडली नाही.

नागपुरात सेकंडहँड गाडी घेताना एक तारीख डोक्यात ठेवा, 23 सप्टेंबर 2023. त्या पहाटे चारेक तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरात शिरली आणि धरमपेठ, सीताबर्डी, शंकर नगरच्या बेसमेंटमध्ये ज्या गाड्या बुडाल्या त्यात साध्या गाड्या कमी नव्हत्या आणि महागड्याही कमी नव्हत्या. त्या गाड्या गेल्या कुठे? काही भंगारात गेल्या, बाकीच्या धुऊन पुसून बाजारात आल्या. महागड्या सेडानमध्ये कितीतरी कंट्रोल मॉड्यूल कार्पेटखाली, सीटखाली आणि डिकीत असतात, तिथे पाणी गेलं की गाडी वर्षभर नीट चालते आणि मग कनेक्टर हिरवे पडायला लागले की रोज नवीन लाइट पेटते. एका डीलरकडे मी एक जर्मन सेडान पाहिली, चकाचक, कार्पेट एकदम नवीन, सहज म्हणून सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढला तर आतल्या टोकाला मातीची रेघ. डीलरसाहेब म्हणाले, साहेब ती धूळ आहे. बरं भाऊ, धूळ. सीटबेल्ट पूर्ण ओढा, स्पेअर टायर काढून खाली हात फिरवा, सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेत का पाहा, आणि इन्शुरन्सचा क्लेम झाला होता का ते विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

दिल्लीच्या गाड्यांचं पण ऐकून घ्या. तिकडे डिझेलला 10 वर्षांचं बंधन आलं तेव्हापासून एनओसी काढून गाड्या बाहेर निघायला लागल्या, भाव पाहून तोंडाला पाणी सुटतं. पण इथे आणून नंबर बदलायचा, महाराष्ट्राचा टॅक्स भरायचा, आरटीओच्या चकरा मारायच्या, आणि त्यात सर्व्हिस हिस्ट्री अर्धवट. मी त्या नादी लागलोच नाही.

आता कॅमरी. ही गाडी मला भरवशाची वाटते त्याचं कारण टोयोटाचं नाव नाही, यात काय काय नाहीच ते आहे. स्टार्टर मोटर नाही. अल्टरनेटर नाही. एंजिनच्या पुढे फिरणारा बेल्टच नाही, कारण एसीचा कॉम्प्रेसर, वॉटर पंप, स्टिअरिंग सगळं विजेवर. टर्बो नाही. गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात पण त्यात साध्या सीव्हीटीसारखा पट्टा नाही, क्लच नाही, दोन मोटर आणि एक प्लॅनेटरी गिअर, बस. जो पार्ट नाहीच तो बिघडणार कसा. एंजिन 2.5 लिटरचं, टायमिंग चेनवालं, आणि पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये सोडतं त्यामुळे डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांना, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्यांना, व्हॉल्व्हवर कार्बन बसायचा जो त्रास असतो तो इथे नाही. ब्रेक लावताना अर्धं काम मोटर करते, त्यातून बॅटरी चार्ज होते, म्हणून ब्रेक पॅड पण लवकर झिजत नाहीत. आणि नागपूरकरांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट, सिग्नलवर एंजिन आपोआप बंद झालं तरी एसी तितकाच थंड चालू राहतो, पप्पांना उन्हाळ्यात दवाखान्यात नेताना याची किंमत कळते.

मग धोका कुठे? बॅटरीत. मागच्या सीटच्या पाठीमागे निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी आहे, 34 मॉड्यूल म्हणजे छोट्या बॅटऱ्या जोडलेली, साधारण 245 व्होल्टची, आणि तिची खरी दुश्मन किलोमीटर नाही, गरमी आहे. तिला थंड ठेवायला पंखा केबिनमधलीच हवा ओढतो, मागच्या सीटजवळच्या जाळीतून. ती जाळी धुळीने भरली, किंवा कोणी तिथे उशी नाहीतर पिशवी टेकवून ठेवली, की बॅटरी आतल्या आत भाजते. आपल्याकडे सिमेंट रोडची आणि सततच्या खोदकामाची धूळ किती ते सांगायला नको, म्हणून पंखा आणि जाळी साफ करणं मी प्रत्येक सर्व्हिसला लिहूनच देतो. उन्हात उभी गाडी सुरू केली की आधी काचा उघडून गरम हवा काढायची, मग एसी, हे नुसतं आपल्या आरामासाठी नाही, बॅटरीसाठी पण.

घेण्याआधी तपासायचं असेल तर ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटला लागणारं छोटं यंत्र, लावून मोबाइलवर बॅटरीच्या ब्लॉकचे व्होल्टेज पाहा, दोन-दोन मॉड्यूलचे 17 ब्लॉक दिसतात. गाडीला जोर द्या, चढावर घ्या, अन् पाहा की एखादाच ब्लॉक बाकीच्यांपेक्षा जास्त खाली जातो का. जात असेल तर नमस्कार करून निघायचं. स्क्रीनवरचा चार्ज फुल्लवरून पटकन रिकाम्यावर आणि परत वर अशा उड्या मारत असेल तरी तेच. दुपारी बारा नंतर टेस्ट ड्राइव्ह घ्या, सकाळी सातला सगळ्याच गाड्या शहाण्यासारख्या वागतात. आणि विकणारा म्हणाला की बॅटरी नुकतीच रिपेअर केली, तर जास्तच सावध व्हा, कारण एकदोन मॉड्यूल बदलले म्हणजे बाकीचे म्हातारेच राहतात, आज हा गेला उद्या तो. मी तर 2 लाख बॅटरीचे बाजूला धरूनच भाव केला होता, लागले तर लागले. बॅटरीखालोखाल महाग पार्ट म्हणजे ब्रेक ॲक्च्युएटर, ब्रेकला दाब पुरवणारा, गाडी उभी असताना त्याचा पंप सारखा सारखा घूं घूं करत असेल तर विचारा.

नावडतं पण आहे. जोरात पाय दिला की एंजिन एका सुरात ओरडतं आणि गाडी मागून येते, ओव्हरटेकची मजा शून्य. समृद्धीवर 120 ला धरली की हायब्रिडचा फायदा बराचसा गायब होतो, कारण ब्रेकच लागत नाही तर चार्ज कुठून होणार, म्हणून मला शहरात 16 आणि हायवेला त्याहून कमी असं उलटं मायलेज मिळतं. पाच माणसं बसली की गल्लीतल्या बेकायदा स्पीड ब्रेकरवर जीव मुठीत. म्युझिक सिस्टिम तर आताच्या 10 लाखाच्या हॅचबॅकपुढे लाजेल. आणि बॅटरीने जागा खाल्ल्यामुळे डिकीत दोन मोठ्या बॅगा गेल्या की तिसरी मांडीवर.

मेकॅनिकचं म्हणाल तर हायब्रिडला बिनधास्त हात लावणारे गॅरेजवाले नागपुरात मोजकेच, ऑइल-फिल्टर बाहेर करा, पण हाय व्होल्टेजचं काम, म्हणजे त्या नारंगी वायरींना, कंपनीच्या ट्रेनिंगवाल्याशिवाय कोणालाच हात लावू देऊ नका. इन्व्हर्टरला, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या पार्टला, वेगळं कूलंट असतं, ते बदललेलं आहे का हे सर्व्हिस बुकात शोधा, बरेच मालक एंजिनचं बदलतात आणि याला विसरतात.

बाजारात या गाड्या कमी दिसतात त्याचं एक कारण सरकारी आहे, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि हायब्रिडला 28 टक्के अधिक 15 टक्के सेस लागला, नवीन घेणारेच कमी झाले तर जुन्या येतील कुठून. त्यामुळे चांगली सापडायला मला वेळ लागला. बजेट थोडं ताणता येत असेल तर 2019 नंतरचं मॉडेल पाहा, त्यात बॅटरी मागच्या सीटखाली गेल्यामुळे डिकी पूर्ण मोकळी मिळते आणि गाडी वळणावर पण नीट बसते, फक्त जाळी तिथेही सीटपाशीच आहे, ती आधी वाकून पाहा आणि मगच भावाचं बोला.