विमानात न्यायची फोल्डिंग सायकल: घडी किती झटपट होते ते सोडा, टिकते का ते बघा

माझ्या वीस इंची फोल्डिंग सायकलची दोन चाकं एकमेकांना धरून ठेवणारं चुंबक निखळलं आणि कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी हात वर केले. आधी त्यांनी फोटो मागितले, मग बिल, मग फ्रेमवरचा नंबर. शेवटी उत्तर आलं की विमानातून नेताना झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. गोंदाने चिकटवलेलं बोटाच्या पेराएवढं चुंबक सुटलं, त्यात विमानाचा काय संबंध? सुटं चुंबक मिळत नाही, अख्खं ब्रॅकेट घ्यावं लागेल, असंही वर सांगितलं. ते ब्रॅकेट मी घेणार नाही.

सायकलची बाकीची माहिती सगळीकडे सापडते, ती इथे देत नाही. छोट्या धावपट्टीवर उतरल्यावर गाव पाच-सात किलोमीटरवर असतं आणि तिथे जायला काहीच मिळत नाही, हा अनुभव ज्यांना आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी सेसना 172 हे चार सीटचं छोटं विमान उडवतो, त्यामुळे मापं त्याच विमानाची आहेत.

घेताना माझं सगळं लक्ष वजनावर होतं. साधी अ‍ॅल्युमिनियमची सायकल 12 किलोच्या आसपास भरते, टायटॅनियमची ब्रॉम्प्टन (ही नावाजलेली, महागडी फोल्डिंग सायकल) आठ किलोच्याही खाली येते. फरक चार किलोंचा धरा. अ‍ॅव्हगॅस, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, लिटरला साधारण 0.72 किलो भरतं, म्हणजे हे चार किलो साडेपाच लिटर इंधनाच्या बरोबरीचे. 172 नेहमीच्या वेगाने सरळ उडत असताना तेवढं इंधन दहाएक मिनिटांत जळतं. दहा मिनिटांच्या इंधनाइतकं वजन वाचवायला कित्येक पट पैसे मोजायचे हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. दोघंच उडत असाल तर वजनाची चिंता सोडा. चार सीट भरणार असतील तर सायकल घरीच राहते, मग ती आठ किलोंची असो नाहीतर बाराची.

खरी अडचण मापाची निघाली. 172 चं सामानाचं दार सव्वापंधरा इंच रुंद आहे आणि पुढच्या कडेला 22 इंच उंच, म्हणजे अंदाजे 39 बाय 56 सेंटिमीटर. घडी केलेल्या सायकलच्या तीन मापांपैकी लहान दोन मापं या चौकटीतून गेली पाहिजेत. माझी सायकल 80 बाय 65 बाय 35, त्यामुळे ती या दारातून जाण्याचा प्रश्नच मिटला. पण ज्या ब्रॉम्प्टनचं सगळे कौतुक करतात तीसुद्धा 64 बाय 58.5 बाय 27 आहे, म्हणजे कागदावर अडीच सेंटिमीटरने अडते. शेवटी दोन्ही सायकली केबिनच्या दारातूनच, पुढची सीट सरकवून आत घ्याव्या लागतात. सोळा इंची चाकांची ब्रॉम्प्टन एका हाताने आत जाते. वीस इंचीला दोन माणसं लागतात आणि पेडल दाराच्या कडेला घासतं.

सायकल मागच्या सीटवर ठेवायची आणि सीटचाच पट्टा फ्रेममधून ओवून आवळायचा, ही पद्धत मला सगळ्यात चांगली वाटली. पट्टा आयता मिळतो आणि वजन सामानाच्या जागेपेक्षा पुढे येतं. 172 एसच्या हँडबुकात मागच्या सीटचा आर्म, म्हणजे विमानाचा तोल काढताना ठराविक रेषेपासून मोजायचं अंतर, 73 इंच आहे, सामानाच्या पहिल्या भागाचा 95. बांधायचा कंटाळा मात्र कधीच करू नका. थांबताना नऊ जीचा, म्हणजे वजनाच्या नऊपट, झटका बसला तर 12 किलोची सायकल 108 किलोंच्या जोराने पुढे येईल, आणि पुढे आपलं डोकं आहे.

आता त्या चुंबकाकडे येतो. दुकानात घडी घातली की चाकं टक् करून चिकटतात आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. ट्रेनमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ते पुरतंही. विमानात दुपारच्या तापलेल्या हवेचे हिसके बसायला लागले की ते चुंबक काही कामाचं नाही. माझ्या सायकलचा पट्ट्यात आवळलेला अर्धा भाग जागेवर राहिला, दुसरा अर्धा बिजागरीवर उघडला आणि हँडलचं टोक खिडकीवर आपटलं. या विमानांच्या खिडक्या काचेच्या नसतात, अ‍ॅक्रिलिकच्या असतात. बोटभर लांब ओरखडा उमटला, नख फिरवलं तर अडकतं इतका खोल. उन्हं तिरपी आली की नेमका तोच चमकतो. त्याच चुंबकाने नंतर पूर्णच राम म्हटलं.

होकायंत्राचं काय, असं मला बरेच जण विचारतात. चुंबकाचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो, अंतर दुप्पट केलं की प्रभाव एक अष्टमांश. सायकल मागच्या सीटवर असताना कंपासची तबकडी जागची हलली नाही. तीच शेजारच्या पुढच्या सीटवर ठेवून पाहिली तर स्पष्ट सरकली. हवाई मालवाहतुकीच्या नियमात 2.1 मीटरवर कंपास दोन अंशांहून जास्त हलवणारा माल चुंबकीय धरतात. सायकलचं चुंबक त्याच्या जवळपासही जात नाही, पण पुढच्या सीटवरचं अंतर 2.1 मीटर नसतं. तुमच्या विमानात गोल घड्याळांऐवजी स्क्रीन असेल तर तिला दिशा कळवणारा सेन्सर, म्हणजे मॅग्नेटोमीटर, कुठे बसवलाय ते बघून ठेवा. पुष्कळदा तो पंखात असतो.

ब्रॉम्प्टनबद्दल माझं मत आधी फारसं चांगलं नव्हतं. किंमत बघून वाटायचं, नाकापेक्षा मोती जड. माझ्याबरोबर उडणाऱ्या मित्राची ब्रॉम्प्टन बरेच महिने आलटून पालटून वापरली तेव्हा ते बदललं, आणि बदललं ते फक्त एका गोष्टीमुळे. तिचं पुढचं चाक मागच्या त्रिकोणाला आकड्याने अडकतं आणि मग सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, खाली ढकलला की अख्खी घडी कुलूपबंद होते. सीटपोस्ट वर ओढल्याशिवाय ती उलगडत नाही. चुंबकही नाही आणि पट्टाही नाही. शिवाय घडीत चेन दोन चाकांच्या मधे जाते, त्यामुळे सीटला काळं लागत नाही. माझ्या सायकलला दर वेळी जुन्या चादरीत गुंडाळावं लागतं. अँड्र्यू रिची यांनी 1975 च्या सुमारास ही घडी जुळवायला घेतली. सीटपोस्टला कुलपाचं काम द्यायचं हे ज्या डोक्यात आलं त्याला मी मनापासून मानतो.

चालवायला मात्र वीस इंचीच बरी. विमानतळाकडचे रस्ते उखडलेले असतात, आणि सोळा इंची चाक प्रत्येक खड्डा मनगटापर्यंत पोचवतं. म्हणून मी माझी सायकल विकलेली नाही. बकल असलेले दोन जाड पट्टे घेतले, एक दोन्ही चाकांभोवती आणि दुसरा हँडल व फ्रेमभोवती. त्यानंतर घडी एकदाही सुटलेली नाही. ब्रॅकेटच्या तुलनेत खर्च किरकोळ. डिरेल्युअर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग, खाली दबणार नाही एवढं बघायचं, नाहीतर तो ज्याला लटकतो तो हँगर वाकतो आणि उतरल्यावर गिअर पडत नाहीत.

टायरमधली हवा काढून उडा, असा सल्ला हमखास मिळतो. गरज नाही. 10,000 फुटांवर बाहेरचा दाब 14.7 वरून साधारण 10.1 पीएसआयवर येतो, म्हणजे टायरवरचा ताण जेमतेम साडेचार पीएसआयने वाढतो. चांगल्या टायरला त्याने काही होत नाही. उन्हात बंद उभ्या राहिलेल्या विमानात टायर तापतो, त्याची काळजी जास्त घ्या.

बॅटरीची सायकल मी विमानात घेणार नाही. प्रवासी विमानांत 160 वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही, आणि सायकलच्या बॅटऱ्या सहसा त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात. आपलं विमान खाजगी म्हणून नियमात बसलं तरी चार सीटच्या केबिनमध्ये पेटलेली बॅटरी टाकायची कुठे?

घ्यायचं ठरवलंच असेल तर दुकानात जायच्या आधी घडीच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं बनवा आणि आपल्या विमानाच्या दारातून, सीटच्या मागून ते प्रत्यक्ष आत घालून बघा. दुकानात गेल्यावर घडी घातलेली सायकल सीटला धरून उचला, आडवी करा आणि जोरात हलवा. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी हलवा.