जुन्या विलायती सायकलीचा पार्ट गेला: नीट करावा, नवा घ्यावा की मूळ शोधावा?

रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलस किंवा आसनसोलची सेन-रॅले, यांपैकी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी सायकल हातात आली की गेलेल्या पार्टचं काय करायचं, याच्या तीन वाटा असतात. आहे तोच पार्ट लेथवाल्याकडून किंवा गॅसवाल्याकडून नीट करून घ्यायचा, लुधियानाचा नवा बसवायचा, नाहीतर त्याच बनावटीचा जुना पार्ट शोधायचा. दुकानदार नवाच घ्या म्हणतो, हौशी माणूस मूळ पार्टसाठी वर्षभर सायकल टांगून ठेवतो, आणि दुरुस्तीची वाट दोघेही विसरतात. सगळ्या सायकलीला एकच नियम लावायला गेलात की पैसे वाया जातात. झिजण्यासाठीच जन्मलेला पार्ट बिनदिक्कत नवा घ्यावा. सायकलीची ओळख ज्यावर आहे तो जपावा. आणि आटे असलेला कुठलाही पार्ट मोजल्याशिवाय विकत घेऊ नये.

आधी आटे मोजा

रॅलेने नॉटिंगहॅमच्या कारखान्यात स्वतःचे वेगळे आटे ठेवले होते, इंचाला 26. बाकीचे बहुतेक इंग्लिश कारखाने बीएसएच्या मापाने चालायचे आणि आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीही तसेच पार्ट वापरतात. व्यास जवळजवळ सारखाच असल्याने घोटाळा होतो. (बीबी म्हणजे पायडलचा एक्सल फिरतो तो फ्रेमच्या तळाचा भाग. शेल ही त्याची फ्रेममधली नळी, कप तिच्या दोन्ही टोकांना बसणारी वाटी. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा फाटा.)

| | रॅलेचं माप | बीएसएचं माप |
|---|---|---|
| बीबी कपाचे आटे | 1⅜ इंच × 26 | 1.37 इंच × 24 |
| बीबी शेलची रुंदी | 71 किंवा 76 मिमी | 68 मिमी |
| चिमट्याच्या नळीचे आटे | 1 इंच × 26 | 1 इंच × 24 |

24 आट्यांचा कप रॅलेच्या शेलमध्ये दीड-दोन फेरे आरामात जातो, मग जड होतो. इथे कारागीर पान्याला पाइप लावतो आणि शेलचे आटे खलास होतात. कप बदलता येतो, पण शेल हा फ्रेमचाच भाग आहे.

पिच गेज (आटे मोजायची पट्टी) नसेल तरी मोजता येतं. मागच्या चाकाचा मूळ इंग्लिश एक्सल 26 आट्यांचा असतो. तो कपाच्या आट्यांवर आडवा टेकवून उजेडाकडे धरा. आटे एकमेकांत शेवटपर्यंत बसले तर कप 26 चा. मध्येच फट दिसू लागली तर 24 चा. आधी कोणी एक्सल बदललेला असेल तर मात्र या खुणेवर विसंबू नका. नुसतं नाव वाचूनही ठरवू नका. 1960 नंतर इंग्लंडमध्ये बरीच जुनी नावं रॅलेच्याच छताखाली आली, त्यामुळे पाटी एकाची आणि आटे दुसऱ्याचे असं सर्रास आढळतं.

कॉटर पिन: इथे जुन्याचा हट्ट नको

दर फेऱ्याला पायाखाली एकदा टक् असं वाजलं की दहांतून नऊ वेळा कॉटर, म्हणजे पायडलची दांडी (क्रँक) एक्सलला अडकवणारी पाचरीसारखी पिन, गेलेली असते. जुनी कॉटर काढून तिच्या सपाट बाजूवर बोट फिरवा. आडवी पायरी लागली तर ती पिन बाद. घासून पुन्हा बसवली तर चार दिवसांत परत वाजेल. जुना साठा मिळाला तर चांगलाच, कारण तेव्हाचं पोलाद कडक असायचं, पण त्यासाठी सायकल अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

नवी घेताना दोन गोष्टी बघा. पहिली जाडी. रॅलेला साडेनऊ मिलिमीटरची लागते. नऊची पिनही बाजारात मिळते, ती हाताने सरकन आत जाईल आणि महिनाभरात क्रँकचं भोक अंडाकृती करील. दुसरा सपाट बाजूचा उतार. नव्या पिनचा उतार बीबीच्या एक्सलच्या खाचेशी क्वचितच तंतोतंत जुळतो. पिन शिकंज्यात धरून चपट्या कानशीने लांब हात मारून उतार जुळवावा लागतो. मार्करने सपाट बाजू काळी करा, पिन हलकी ठोकून बसवा, काढा आणि काळं कुठे पुसलंय ते पाहा. पूर्ण पट्टा पुसला गेला पाहिजे. एका टोकालाच चमक दिसत असेल तर तिथे अजून कानस हवी.

दोन्ही बाजूंच्या पिना उलटसुलट दिशेने जातात. क्रँक आडवे धरले की एकीचं नट वर, दुसरीचं खाली. एकाच दिशेने घातल्या तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत, पाय लंगडल्यासारखे चालतात. ठोकताना क्रँकखाली जमिनीपर्यंत लोखंडी पाइपचा टेकू द्या, नाहीतर हातोडीचा दणका छर्ऱ्यांवर (बेअरिंगच्या गोळ्यांवर) बसतो आणि कपाला खड्डे पडतात. पिन हातोडीने बसते. नट तिला फक्त धरून ठेवतं. नट आवळून पिन ओढायला गेलात तर पिनचे आटे जातात. वीस-पंचवीस किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा ठोकून नट आवळा.

काढतानाही टेकू हवाच. नट पिनच्या टोकाबरोबर येईल इतकं सैल करायचं आणि एकच जोरकस घाव घालायचा. दहा हलक्या घावांनी पिन वाकते आणि मग ड्रिलशिवाय निघत नाही. जोडी लागत असेल तर चार पिना घ्या, एखादी कानशीखाली बिघडतेच.

बीबीचे कप, एक्सल आणि छर्रे

छर्रे नेहमी नवे: पाव इंची, प्रत्येक बाजूला 11, सुटे, ग्रीसमध्ये बसवलेले. जाळीतले छर्रे घेऊ नका. जाळीमुळे त्यांची संख्या कमी होते आणि जाळी तुटली की तिचेच तुकडे कप खातात.

कपासाठी वाट वेगळी. उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो आणि सहसा वर्षानुवर्षं जागचा हललेला नसतो. तो काढायची घाई करू नका. डावीकडून टॉर्च टाकून पुसून बघा. एकसारखी गुळगुळीत चमकती पट्टी असेल तर राहू द्या. खड्डे दिसले तर बदलावाच लागेल, आणि रॅले असेल तर 26 आट्यांचा जुना कपच शोधायचा. साधा देशी कप तिथे चालणार नाही.

एक्सल लेथवर घासून देतो असं कोणी म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. एक्सल आणि कोनचा (छर्रे ज्यावर फिरतात त्या उतरत्या नटचा) कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो. तो घासला की खाली मऊ लोखंड उरतं आणि काही महिन्यांत पुन्हा चर पडतो. नवा देशी एक्सल चालतो, पण जुना शेजारी ठेवून तीन मापं जुळवा: एकूण लांबी, छर्रे फिरतात त्या दोन पट्ट्यांमधलं अंतर आणि कॉटरच्या खाचेची जागा. 76 मिमीच्या शेलला 68 चा एक्सल लावला तर कप आतवर घुसवूनही ढिलाई जात नाही.

चेन आणि चक्र

मोजपट्टी घ्या. अर्ध्या इंचाच्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. 12 इंच आणि एक सोळांश झाली की चेन बदला. एक अष्टमांश जास्त भरली तर तिने फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चक्राचे) दातही खाल्लेले असतात, दोन्ही एकदमच बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन उडते आणि लोक चेनला दोष देतात. इथे नवा देशी माल निःशंक घ्यावा: अर्धा इंच बाय अष्टमांश इंचाची चेन सगळीकडे मिळते आणि फ्रीव्हीलचे 24 आटे इंग्लिश हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) बसतात.

पुढचं चक्र मात्र जपा. रॅलेच्या चक्रात कापलेले बगळे हीच लांबून पटणारी ओळख, आणि चक्र उजव्या क्रँकला पक्कं जोडलेलं असल्याने बदलायचं तर दोन्ही जातात. वाकलेला दात पान्याने सरळ होतो. तुटलेल्या दाताच्या जागी पितळेची झाळ भरून कानशीने आकार देता येतो. डुलणारं चक्रही लाकडी ठोकळा आणि हातोडीने जागेवर आणता येतं. दुरुस्ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत योग्य, असं बहुधा याच एका पार्टबद्दल म्हणता येईल.

हब, आणि तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर

साध्या हबमध्ये कोन एकटा बदलू नका. एक्सल, दोन्ही कोन आणि नट असा संच घ्या. इंग्लिश आट्यांवर मिलिमीटरचं नट चढवलं तर सुरुवातीला चढतं, मग खातं. रॅलेच्या पुढच्या हबला 3/16 इंचाचे 10-10 छर्रे, मागच्याला पाव इंची 9-9. नवा कोन हबच्या कपात तेल लावून बोटाने फिरवून बघा. खरखर लागली तर गोलाई जुळत नाही, तो परत करा.

1936 पासून बनलेला एडब्ल्यू हा तीन गिअरचा हब वेगळंच प्रकरण आहे. ‘गिअर बाद आहे’ म्हणून स्वस्तात विकला जाणारा हब बहुतेक वेळा कोरडा पडलेला असतो किंवा त्याची केबल चुकलेली असते. हबच्या तेलाच्या भोकातून चमचाभर हलकं मशीन ऑइल घाला. खोबरेल नको, ते आत चिकट होऊन खिटक्या (आतले छोटे अडसर) जाम करतं. मग गिअर दोनवर ठेवा. उजव्या नटच्या खिडकीतून आतली बारीक दांडी दिसते. तिच्या केबलला जोडलेल्या बारीक साखळीकडचा खांदा एक्सलच्या टोकाशी समतल येईपर्यंत केबल जुळवा. दोन आणि तीनच्या मध्ये या हबला एक रिकामी जागा आहे, केबल ढिली किंवा ताणलेली असली की पाय तिथेच निसटतो.

तरीही गिअर निसटत असेल तर खिटक्यांच्या स्प्रिंगा किंवा क्लच झिजला आहे. इथे जुना हब फोडून पार्ट काढणं उत्तम, कारण कित्येक वर्षांच्या हबमध्ये आतले भाग एकमेकांना चालतात. बनावटीचं साल बहुतेक कवचावरच ठोकलेलं असतं. नवा आख्खा हब घेण्याचा विचार असेल तर थांबा. 2000 साली स्टर्मी-आर्चर तैवानच्या सनरेसकडे गेली. नवे हब चांगले असले तरी आतली रचना बदलली आहे, आणि ते सहसा 36 भोकांचे येतात. जुनी मागची रिम 40 भोकांची. म्हणजे हबसोबत रिम आणि स्पोकही आले.

पुढच्या चाकात डायनोहब (दिव्यासाठी वीज तयार करणारा हब) असेल तर आतलं लोहचुंबक उघडून बाजूला काढू नका. लोखंडी कडं लावल्याशिवाय ते गाभ्यापासून सुटलं की त्याची ताकद उतरते, मग दिवा मिणमिणतो.

रिम, ब्रेक

दांडीच्या ब्रेकच्या रिमा पुढे 32, मागे 40 भोकांच्या अजून बनतात, 28 बाय दीडचे टायरही मिळतात. म्हणून रिम जपायची की नाही हे गंजाच्या जागेवर ठरवा. वरवरचे डाग ऑक्झॅलिक अॅसिडने जातात: लिटरभर पाण्यात 20-30 ग्रॅम, हातमोजे घालून, मुलांपासून दूर. आतून निपलच्या (स्पोकच्या नटच्या) भोकांभोवती पापुद्रे सुटत असतील तर पुन्हा क्रोम करून घेणं म्हणजे पैशाची नासाडी. पॉलिश करताना पत्रा आणखी पातळ होतो आणि आऊट (चाकाचा डोल) काढताना भोक फाटतं. ब्रेकचे गुटके आणि खिळे नवे, दांड्या जुन्याच सरळ करून.

सीट आणि चिमटा

ब्रुक्सच्या सीटचा सांगाडा आणि पाटी टिकलेली असेल तर नुसतं कातडं बदला. झाडाच्या सालीने कमावलेलं, पाचेक मिलिमीटर जाड कातडं हवं. कोल्हापुरी चपलांचं कातडं याच जातीचं. क्रोमने कमावलेलं मऊ कातडं घेतलं तर महिन्याभरात झोळी होते. तुटलेली स्प्रिंग झाळून घेऊ नका, झाळीच्या शेजारी ती पुन्हा तुटते. जुन्या सीटची स्प्रिंग शोधा किंवा स्प्रिंगवाल्याकडून नवी वळवून घ्या.

चिमट्याच्या नळीला तडा असेल तर दुरुस्तीचा विषयच काढू नका. तिथे मोडलं तर माणूस थेट तोंडावर पडतो. वाकलेला पण न चिरलेला चिमटा जिगवर (सरळ करायच्या साच्यावर) सरळ होतो. बदलायचा झाला तर जुना मूळ चिमटा पहिली पसंती. देशी चिमटा घालायचा असेल तर त्याच्या जोडीचं वरचं कप-नट त्याच्याबरोबरच घ्या, नळीची लांबी जुळवा. रॅलेची चमकती टोपी त्यावर बसणार नाही, हे धरून चाला.

मूळ पार्ट शोधायला पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजार आहे. जाताना जुना पार्ट नमुना म्हणून न्या, सोबत व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि 26 आट्यांचा एक चांगला एक्सल. बाजारात चिमटा पसंत पडला तर पैसे देण्याआधी नळीत टॉर्च टाका आणि खालच्या जोडाशी, जिथे रंग भेगाळलेला दिसतो तिथे, नखाने खरवडून बघा. रंगाची भेग रंगापुरतीच असते. खाली लोखंडात नख अडकलं तर चिमटा परत ठेवा.