दुसऱ्या गुणसूत्रातला सांधा: निर्मितिवाद आणि उत्क्रांतिविज्ञान

माणसात ४६ गुणसूत्रं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात ४८. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे?

उत्क्रांतिविज्ञान इथे स्वतःलाच पेचात धरतं: दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळली असावीत, आणि तसं असेल तर खुणा सापडायलाच हव्यात. सापडल्या. एरवी गुणसूत्रांच्या टोकांवर असणारा ‘टीटीएजीजीजी’ हा डीएनए-अक्षरांचा क्रम आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या आतल्या भागात पुन्हापुन्हा येतो आणि एका जागी उलटून ‘सीसीसीटीएए’ होतो. हा सांधा १९९१ साली प्रसिद्ध झाला. गुणसूत्राला एरवी एकच सेंट्रोमिअर (पेशी विभागताना ते जिथे धरून ओढलं जातं ती जागा) असतो; निकामी झालेल्या दुसऱ्या सेंट्रोमिअरचे अवशेषही त्याच गुणसूत्रावर आहेत.

निर्मितिवादी (देवाने माणूस वेगळा घडवला असं मानणारे) म्हणतात, सांध्याचा क्रम जागोजागी बिघडलेला आहे. निरीक्षण खरं आहे, पण लाखो वर्षं उत्परिवर्तनं (डीएनएतले बदल) साचली की तो बिघडणारच. माणूस वेगळा घडवला म्हटलं तर मात्र ४६ही चालतात, ४८ही. सांधा असला काय, नसला काय. काय सापडलं तर मत बदलाल, याला त्यांच्याकडे उत्तर नाही.

२००५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्यात (वाद होता शाळेत ‘बुद्धिमान रचना’, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले हे मत, मांडण्याचा) जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर (स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, बरं का) यांनी हाच पुरावा मांडला. ‘बुद्धिमान रचना’ हे विज्ञान नाही, असा निकाल न्यायालयाने दिला.