बॅटरीवरच्या ओलावा-मापकासाठी कोणती मायक्रोकंट्रोलर चिप: एटीमेगा३२८पी की ईएसपी३२?

वाचन वायफायने पाठवायचं असेल तर ईएसपी३२ घ्या. एटीमेगाला वेगळं वायफाय मॉड्यूल जोडण्यात शहाणपण नाही. पण सप्लाय किमान 500 मिलिअँपिअरचा हवा. रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) तोकडा असला की वायफाय सुरू होताच व्होल्टेज बसतं आणि चिप पुन्हापुन्हा रीसेट होते. सेन्सर जीपीआयओ (चिपच्या सर्वसाधारण पिना) 32 ते 39 पैकी एका पिनवर लावा. एडीसी2 (व्होल्टेज मोजणाऱ्या दोन भागांपैकी दुसरा) च्या पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत.

नुसतं मोजून रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवायचा असेल तर एटीमेगा पुरे. रॅम जेमतेम 2 केबी, पण 1.8 ते 5.5 व्होल्टवर चालतो. मात्र 3.3 व्होल्टवर 16 मेगाहर्ट्झ क्लॉकचा हट्ट नको, 8 च ठेवा. रिलेची कॉइल ट्रान्झिस्टरमार्फतच चालवा, कॉइलला समांतर उलटा डायोड लावून.

झोपेतला (चिप स्लीप मोडमध्ये असतानाचा) करंट तयार बोर्डावर मोजू नका: पॉवरचा एलईडीच चिपपेक्षा जास्त खातो.