वाळवंटी घळीच्या वाटेसाठी जुळ्या सिलिंडरचा १२ व्होल्ट एअर कॉम्प्रेसर: वापरानंतरचे परीक्षण

वाळवंटातील खडकाळ घळीतून मित्रांसमवेत गाड्या न्यायचे ठरले की आधी बोलणे निघते ते इंजिनाच्या ताकदीचे, विंचचे (म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्राचे) आणि गाडीच्या उंचीचे. या सर्व गोष्टींना महत्त्व आहेच. परंतु अशा वाटेवर गाडी पुढे सरकणार की रुतणार हे बहुतेक वेळा टायरमधल्या हवेवर ठरते, आणि ती हवा निर्धास्तपणे सोडायची असेल तर परत भरण्याची खात्रीची सोय सोबत असावी लागते. ज्याच्याकडे ती सोय नसते तो हवा सोडताना हात आखडता घेतो आणि पहिल्याच मऊ वाळूत अडकतो. म्हणूनच घळीच्या वाटेसाठी एकच उपकरण घ्यायचे असेल तर ते चांगला कॉम्प्रेसर असावे, असे माझे ठाम मत आहे. येथे ज्या संचाविषयी लिहीत आहे त्याच्या उत्पादकाचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण जवळपास याच रचनेचे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि पारखण्याच्या गोष्टी सर्वांच्या बाबतीत त्याच आहेत.

संचात जुळ्या सिलिंडरचा बिनतेलाचा कॉम्प्रेसर, बॅटरीला थेट लावायच्या चिमट्यांची जाड वायर, गुंडाळीचा लांब होज (हवेची नळी), दाबमापक गेज आणि हवा सोडण्यासाठी स्वतंत्र डिफ्लेटर मिळतो. सर्व साहित्य एका जाड कापडी पिशवीत बसते. पिशवीची चेन धुळीने लवकर जाम होते; तिच्यापेक्षा पट्टा आणि बकल दिले असते तर बरे झाले असते.

हवा कमी केल्याने नेमके काय होते हे समजून घेतल्याशिवाय या उपकरणाची किंमत कळत नाही. दोन टन वजनाच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर साधारण ५०० किलो भार येतो. टायरमध्ये ३५ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब असताना तो भार पेलायला ढोबळ हिशेबाने सुमारे २०० चौरस सेंटिमीटर एवढा टायर जमिनीला टेकतो, आणि दाब १८ पीएसआयवर आणला की हेच क्षेत्र जवळजवळ दुप्पट होते. टायरच्या कडेच्या ताठपणामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे वेगळे येतात, पण दिशा हीच असते. हे वाढलेले क्षेत्र रुंदीपेक्षा लांबीत अधिक पसरते, त्यामुळे चाक वाळूत खड्डा खणण्याऐवजी तिच्यावरून चालू लागते. ही युक्ती नवी नाही. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १९२० आणि १९३०च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या फिरवल्या, त्या टायरमधला दाब कमी करून आणि रुतलेल्या चाकांखाली पोलादी पन्हळी सरकवून. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून तयार होऊ लागलेल्या डक या जमीन व पाणी अशा दोन्हींवर चालणाऱ्या अमेरिकी वाहनात तर चालकाला बसल्या जागेवरून टायरचा दाब कमीजास्त करता येत असे. आपल्या गाड्यांत ती सोय नसते. खाली उतरून प्रत्येक चाकापाशी गुडघे टेकावे लागतात.

या कामात संचातील डिफ्लेटर मला सर्वांत आवडला. तो व्हॉल्व्हवर घट्ट बसवायचा, मागची दांडी आत ढकलून फिरवायची आणि व्हॉल्व्हचा गाभा, म्हणजे कोअर, हलकेच बाहेर खेचून घ्यायचा. कोअर दांडीच्या टोकाला अडकून उपकरणाच्या आतच राहतो, वाळूत पडून हरवत नाही. मग बाजूची झडप उघडली की हवा जोराने बाहेर पडते आणि मिनिटाच्या आत टायर ३५ वरून १८ वर येतो. झडप बंद केल्याशिवाय गेजवर खरा दाब दिसत नाही, म्हणून मधूनमधून ती बंद करून काटा पाहावा लागतो. कोअर परत बसवताना मात्र घाई चालत नाही. वाऱ्याने उडालेला वाळूचा एखादा कण त्याच्या रबरी कडेला चिकटला की हवा अगदी बारीक सुटत राहते आणि तासाभराने एक चाक बाकीच्यांपेक्षा बसलेले दिसते. आमच्यापैकी एक मित्र प्रत्येक व्हॉल्व्हवर पाण्याचा थेंब टाकून बुडबुडा येतो का ते पाहतो आणि मगच टोपी लावतो; सुरुवातीला इतरांना त्याची कटकट वाटे, आता सगळेच तसे करतात.

घळीची वाट निव्वळ वाळवंटापेक्षा अवघड असते ती या एका कारणामुळे की तेथे वाळू आणि खडक आलटून पालटून येतात. तळाशी पावसाळी प्रवाहाने आणून टाकलेली मऊ वाळू असते, तिच्यात अर्धवट गाडलेल्या शिळा असतात, आणि मधेच खडकाची पायरी आडवी येते. मऊ वाळूला १५ पीएसआय मानवतो. पण त्या दाबाला टायरची बाजू इतकी फुगून बाहेर येते की धारदार कपारीने ती चिरली जाण्याचा धोका वाढतो, आणि बाजूला पडलेली चीर तळव्यातल्या भोकासारखी रबरी वातीने भरून काढता येत नाही. दाब आणखी खाली, बारापर्यंत आणला तर जोराच्या वळणावर टायरची कड रिमवरून सुटू शकते. रिमवर कड पकडून ठेवणारे बीडलॉक नसतील तर १८ ते २० हा घळीसाठी मला सर्वांत शहाणपणाचा मध्य वाटतो. शिवाय वाळवंटात सकाळ आणि दुपार यांत तापमानाचा मोठा फरक पडतो. गार पहाटे १५ वर आणलेला टायर रबर ३० अंशांनी तापल्यावर सुमारे १८ दाखवतो. म्हणून दाब केव्हा मोजला हेही लक्षात ठेवावे लागते. दुपारी तापलेल्या टायरमधून पुन्हा हवा सोडली तर रात्री तोच टायर धोकादायक इतका मऊ होतो.

आता मुख्य उपकरणाकडे. या वर्गातील गाडीच्या एका टायरमध्ये साधारण ७० लिटर जागा असते आणि तो १८ वरून ३५ वर न्यायला बाहेरची सुमारे ८० लिटर हवा आत ढकलावी लागते. चार चाकांची ३२० लिटर आणि तीन गाड्यांची जवळजवळ हजार लिटर. खोक्यावर मिनिटाला १५० लिटर असा आकडा छापलेला आहे, पण तो समोर कोणताही दाब नसतानाचा आहे. टायरमधला दाब चढत जातो तशी ही गती पडत जाते. प्रत्यक्षात एका चाकाला दोन ते तीन मिनिटे लागतात. हे प्रमाण मला समाधानकारक वाटते, कारण सिगारेट लायटरला लावायचे छोटे पंप याच कामाला कितीतरी अधिक वेळ घेतात आणि दुसऱ्या चाकालाच हात पोळेल इतके तापतात.

मात्र संचाची खरी मर्यादा तिसऱ्या गाडीला कळते. माहितीपत्रकात तीस मिनिटे चालवून तितकीच विश्रांती द्यावी असे लिहिले आहे. थंड हवेत ते खरे ठरते. भर दुपारी, खडकांच्या भिंती उष्णता परत फेकत असताना, तापमान वाढल्यावर आपोआप बंद करणारी कळ त्याआधीच काम करते आणि यंत्र मधेच गप्प होते. ही कळ मोटर जळू देत नाही, म्हणून मी तिला दोष मानत नाही. दोष आहे तो माहितीपत्रकाचा, कारण कोणत्या तापमानाला तीस मिनिटे हे तेथे सांगितलेलेच नाही. तीन किंवा अधिक गाड्यांच्या जथ्याने एकाच कॉम्प्रेसरवर विसंबू नये. दोन गाड्यांत दोन यंत्रे असली तर एक थंड होईपर्यंत दुसरे चालते, आणि एक बिघडले तरी कोणी वाटेत अडकून पडत नाही.

विजेच्या बाबतीत उत्पादकाने योग्य निर्णय घेतला आहे. हा कॉम्प्रेसर भाराखाली ४० अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह ओढतो, तर गाडीतील लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा असतो. म्हणून थेट बॅटरीला चिमटे लावण्याला पर्याय नाही. वायरमध्ये स्वतंत्र फ्यूज दिलेला आहे, आणि जादा फ्यूज पिशवीत ठेवणे माझ्या मते अनिवार्य आहे. हवा भरताना इंजिन चालू ठेवावे. नाहीतर शेवटच्या चाकापर्यंत बॅटरी इतकी उतरते की गाडी सुरू होईल की नाही याची धास्ती लागते. चिमट्यांची स्प्रिंग थोडी कमजोर आहे, बॉनेटखाली कंपनाने एक चिमटा सरकलेला आम्ही पाहिला आहे.

गेजबद्दल मात्र मी समाधानी नाही. होजवरचे गेज यंत्र चालू असताना टायरमधला नव्हे, तर नळीतला दाब दाखवते, त्यामुळे काटा ३५ वर दिसतो तेव्हा टायर अजून काही पीएसआय मागे असतो. हे सर्वच कॉम्प्रेसरच्या बाबतीत होते. पण येथे यंत्र थांबवल्यावरही आमच्या विश्वासाच्या स्वतंत्र गेजपेक्षा वाचन कायम दोनने जास्त येते. महामार्गावर परतताना हा फरक क्षुल्लक नसतो, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो. होजचे टोक व्हॉल्व्हवर आटे फिरवून बसवावे लागते; काढताना थोडी हवा जाते आणि सलग वापरानंतर पितळी टोक इतके तापते की हातमोज्याशिवाय धरवत नाही. खटक्याने बसणारे टोक दिले असते तर हे दोन्ही त्रास टळले असते.

हवा परत कोठे भरायची हा प्रश्न उपकरणाचा नसला तरी त्याच्या वापराशी निगडित आहे. तीन गाड्यांना तासभर लागणार असेल तर तो तास घळीच्या कोरड्या पात्रात घालवू नये, कितीही सावली असली तरी. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अँटिलोप कॅन्यनच्या खालच्या भागात अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटकांचा जीव गेला. पाऊस तेथे नव्हे, काही मैल वर पडला होता. डोक्यावरचे आकाश निरभ्र आहे एवढ्यावरून वरच्या खोऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. आम्ही कमी हवेवरच, सावकाश, पात्रातून बाहेर पडून उंच व कठीण जमिनीवर थांबतो. थांबतानाही मळलेल्या वाटेवरच राहतो, कारण अनेक वाळवंटांत मातीवर सूक्ष्म जिवांनी धरलेला नाजूक थर असतो आणि चाकाखाली एकदा मोडला की तो पुन्हा धरायला वर्षानुवर्षे जातात.

रिमवरून सुटलेली कड परत बसवण्यासाठी हा संच पुरेल का, असे मला अनेकदा विचारले जाते. पुरतो, पण नुसता नाही. आधी जॅकने चाकावरचा भार काढायचा, टायरच्या तळव्याभोवती रॅचेटचा पट्टा आवळून कडा रिमकडे ढकलायच्या, कोअर काढून टाकायचा आणि मग पूर्ण प्रवाहाने हवा आत भरायची. इतके केल्यावर कड मोठ्या आवाजाने जागेवर बसते. त्या वेळी बोटे रिमपासून दूर ठेवावीत आणि बाकीच्यांना चाकापासून लांब उभे करावे.

निगा राखायला संच सोपा आहे. हवा आत घेण्याच्या तोंडावरचा स्पंजचा फिल्टर प्रत्येक सहलीनंतर झटकून धुवावा, पूर्ण वाळवूनच लावावा, आणि यंत्र कधीही थेट वाळूवर ठेवू नये. पायदान किंवा ताडपत्रीचा तुकडा खाली घ्यावा. हे यंत्र बिनतेलाचे असल्याने त्यात वंगण घालण्याच्या फंदात पडू नये. खरेदी करताना विक्रेत्याला फिल्टर, व्हॉल्व्ह कोअर आणि होजच्या रबरी चकत्या सुट्या मिळतात का हे आधी विचारावे. आमच्या संचाच्या बाबतीत पहिल्या दोन वस्तू सहज मिळाल्या. चकत्यांसाठी मात्र पूर्ण होज बदलण्याचा सल्ला देण्यात आला. अखेर मापाने साध्या ओ-रिंग आणून बसवल्या आणि त्या अजून व्यवस्थित टिकल्या आहेत.